तुम्ही वाचलेली कार्डं

बाबा, तुम्हाला ती जुनी जर्मन अक्षरं वाचता येत नव्हती. अजिबात येत नव्हती. इथे परदेशात, क्लेमेंटी भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर तुमची पोस्टकार्डं पसरून बसले तेव्हा मला हे कळलं आणि तुमचा चांगलाच राग आला. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, तेव्हा आडपडदा कशाला ठेवू?

तुम्ही बोटीवरून घरी यायचात तेव्हा बॅग उघडायची ती ठाण्याच्या स्वयंपाकघरातच. आई कुरकुरते, "आधी अंघोळ करा, मग मांडा तो पसारा," आणि तुम्ही ओट्याला टेकून हॅम्बुर्गच्या जुन्या बाजारात घेतलेलं एक कार्ड काढता. तपकिरी पडलेलं, पुढे चर्च नाहीतर घोडागाडी, मागे शाईच्या काट्याकुट्या. चष्मा पुसून सावकाश वाचता. कोणी खलाशी बायकोला लिहीत असतो, इथे सगळं मिळतं, पण तुझ्या हातच्या आमटीची चव कुठेच नाही. दुसरा विचारतो, दारच्या आंब्याला कैऱ्या धरल्या का? जर्मनीत कैऱ्या, आणि मला काही खटकलं नाही. आई पाठमोरी कांदा चिरत राहायची. कार्ड संपलं की म्हणायची, "आणखी काय लिहिलंय?"

त्या कार्डांपायी मी पुण्यात जर्मन शिकले. इथे आल्यावर शहराच्या दुसऱ्या टोकाला, ईस्ट कोस्ट भागात, एका निवृत्त जर्मन बाईंकडे दर शनिवारी जुनी लिपी शिकायला जाऊ लागले. बाईंची शिस्त कडक. कार्ड वाचायचं नाही, आधी गिरवायचं. टोकदार निबाचं पेन घ्यायचं आणि हाताला वळण लागेपर्यंत तोच शब्द. अंदाजाने शब्द बसवला की त्या कार्ड काढून घेतात. मी पहिलं नेलं ते आमटीचं. त्यावर निघालं, "काल सुखरूप पोचलो. सारखा पाऊस. गुडघा दुखतो. लोकरीचे मोजे पाठव. काकूंना नमस्कार." कैऱ्यांच्या कार्डावर दाढ काढल्याची हकिकत होती. बाकीचीही त्याच वळणाची. बाई म्हणाल्या, "कार्ड पोस्टमनही वाचतो. माणसं एवढंच लिहितात."

तुमची स्वतःची पत्रं तरी काय वेगळी होती? मी ठीक आहे, हवा बरी आहे, मुलीला अभ्यास करायला सांग. तुम्हाला आईच्या तोंडावर म्हणवत नव्हतं ते तुम्ही परक्या खलाशांच्या नावावर खपवत होतात, एवढं लक्षात आल्यावर माझा राग उतरला. मग काळजी लागली ती आईची. तिला तुमची सगळी कार्डं तोंडपाठ आहेत, आणि ती तीन महिन्यांसाठी इथे यायची होती. खरं सांगितलं तर तिच्यापाशी तुमचं काय उरणार? माझ्या लेकीचं म्हणणं, इथल्या धाटणीच्या इंग्रजीत, "जस्ट टेल हर लाह." तिला सोपं आहे.

आई आली. दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलाशी बसून तिने पर्समधल्या प्लास्टिकच्या पिशवीतून एक कार्ड काढलं. तुम्ही बोटीवरच गेलात, नंतर कंपनीने तुमचं सामान घरी पाठवलं, त्यात ते होतं म्हणे. मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

"हे त्यांनी वाचून दाखवायचं राहिलं," आई म्हणाली. "तुला येतं ना आता? वाच."

अक्षर अगदी स्वच्छ होतं, गिरवायचीही गरज नव्हती. मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या परत पाठव, मागच्या वेळी एक फुटकी आली. बस. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. बरण्या मला वाचवेनात आणि दुसरं काही सुचेना.

"अक्षर लागत नाही गं," मी म्हटलं.

तिने कार्ड माझ्या हातातून घेतलं, पदराने पुसलं आणि पिशवीत सरकवलं. "त्यांना तरी कुठे लागायचं? तरी वाचायचे ना."

ती उठली नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिली, आणि मला कळलं की ती अजून वाट बघतेय. दोन वाक्यं हवी होती, बाबा, तुमच्यासारखी. मला नाही जमली.