गणित तेवढं माझं

३ फेब्रुवारी, सकाळी ७
अणुबाँब कसा तयार झाला त्यावरचं जाडजूड पुस्तक लायब्ररीतून आणलं. एका बैठकीत ऐंशी पानं. रक्त खवळलं. हजारो शिकलेले लोक, कोणी पाइप जोडतोय, कोणी आकडेमोड करतोय, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच: मी माझं काम केलं, बाकीचं वरच्यांना विचारा. थू! संकल्प: आयुष्यात हिंसेला हातभार नाही. डास वेगळे.

४ फेब्रुवारी
रूममेट ढब्बूला हे ऐकवलं. वीस तारखेला त्याची बोटीवरच्या नोकरीसाठी मेडिकल आहे, म्हणून उठाबशा चालल्या होत्या. न थांबता म्हणाला, आधी बाहेर जाऊन बादली बघ. होस्टेलच्या समोरच्या बी विंगवाल्यांनी गरम पाण्यावरून आमच्या मजल्याच्या सगळ्या बादल्या लाथांनी फोडल्यात. माझी नवी होती.

६ फेब्रुवारी
बाथरूमपाशी मारामारी. मी मध्ये पडलो, निव्वळ शांततेसाठी. त्या गडबडीत माझं कोपर एकाच्या तोंडावर बसलं. ओठ फाटला, दात हलला. ढब्बूने विचारलं, मग दुसऱ्यांदा का मारलंस? त्याला बारकावे कळत नाहीत.

९ फेब्रुवारी
आमच्या मजल्यावरच्या सीनियरने, म्हणजे दादाने, गच्चीवर सायकलच्या ट्यूबांची अवाढव्य बेचकी बांधलीय. पाण्याच्या पिशव्या थेट बी विंगच्या गच्चीवर जाणार. मी कडक शब्दांत निषेध केला. दादा म्हणाला, ते राहू दे, कोन काढायला डोकं लागतं आणि ते इथे फक्त तुला आहे. माणूस खरं बोलतो. कोन काढला, एक्केचाळीस अंश. कागदावरच तर काढला.

१० फेब्रुवारी
पहिलीच पिशवी बरोब्बर. समोरचा एकजण आडवा. मी टाळ्या वाजवल्या, गणितासाठी.

११ फेब्रुवारी
दादाने विचारलं, पाण्याऐवजी ओली वाळू भरली तर? मी म्हटलं, हे अनैतिक आहे. मग म्हटलं, ट्यूब आणखी दीड हात ताणा. ज्ञान लपवणं हीसुद्धा एक हिंसाच.
पुस्तकाची चारशे पानं झाली. त्या शास्त्रज्ञांची कीव येते.

१३ फेब्रुवारी, दुपारी ४
ढब्बू म्हणतो, पुरे झालं. पाच वाजता तो त्यांच्या गच्चीवर जाऊन पाण्याच्या वेळा वाटून घेणार आहे. मी त्याला भित्रा म्हटलं. तेव्हा पिशवी सोडू नका, हे दादाच्या कानावर घालायला हवं. घालतोच. आधी वाऱ्यासाठी कोन सुधारतो.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
वाळूची पिशवी ढब्बूच्या तोंडावर फुटली. रक्तच रक्त. त्याला खाली आणताना जिन्यात दोन्ही विंगा एकमेकांवर तुटून पडल्या, खुर्च्यांचे पाय, पट्टे, जे हाताला येईल ते. मलाही दोन बसल्या. दादा म्हणाला, गणित चुकलं. मी सांगितलं, चुकलं नाही. चारदा सांगितलं.

१६ फेब्रुवारी
वॉर्डनने चौकशी केली. बेचकी दादाची, वाळू बांधकामावरची, ताणणारे सहाजण. कोनाचा कागद कोणीतरी जाळलाय. मीच. पुस्तक परत केलं. पन्नास पानं राहिली, पण शेवट काय होतो ते सगळ्यांना ठाऊकच आहे.

२० फेब्रुवारी
ढब्बूची आई त्याचं सामान न्यायला आली. डाव्या डोळ्याचं डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. आजची मेडिकल गेलीच. त्याच्या कॉटवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, कोणी केलं ते तो सांगत नाही, म्हणतो रूममेटला विचार, तो खोटं बोलणार नाही. मी म्हटलं, काकू, मी तेव्हा खोलीत वाचत होतो. माझी मलाच शिसारी आली. तिने मान हलवली, म्हणाली, हो, तू फार वाचतोस असं तो सांगतो.
ट्रंक गाडीत ठेवून दिली. निघताना म्हणाली, एकदा येऊन जा, सारखी तुझीच आठवण काढतो. परीक्षा झाली की नक्की येतो म्हणालो.
परीक्षा मे महिन्यात आहे.