शेवटच्या पानावरचा हात

८ जानेवारी, गुरुवार. सकाळी थंडी होती. पहिलीची अकरा मुलं आली. दुपारी तपासणीचे साहेब येऊन गेले. शाळा सुटली आहे आणि वर्गात मी एकटाच आहे.

बाई, तुम्ही जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर केलेलं पुस्तक अजून वर्गात आहे. दर पानावर तोच प्रश्न, 'कोण आलं?', आणि खाली 'बकरी आली', 'म्हैस आली'. तुमची म्हैस डुकरासारखी दिसते. "सर, डुक्कर आलं!" म्हणून मुलं खिदळतात आणि मग बरोबर 'म्हैस'वर बोट ठेवतात. तुम्ही या वर्गाला शिकवायचात तेव्हा माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष होतं. मुलं वाचत नाहीत, नुसतं चित्र बघून बोलतात असं वाटून मी चित्रावर हात ठेवला. तुम्ही भर वर्गात म्हणालात, "हात काढा सर. लेकरू चित्राला धरून अक्षरापर्यंत चालत येऊन राह्यलं, अन् तुम्ही वाट अडवता?" मी हात काढला.

यंदा एक मुलगी आहे. तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले. ती चुलतीकडे राहते. ते गेल्यापासून ती वर्गात बोलतच नव्हती. बोलली ती या पुस्तकापाशी. शेवटचं पान तिचं: 'कोण आलं? आई आली.' गेल्या आठवड्यात फळ्यावर, चित्र नसताना, तिनं 'आई' ओळखलं. आज ती साहेबांपुढे वाचत होती. "छान वाचते की," साहेब म्हणाले. त्यांनी आणखी काही मागितलं नव्हतं. हे पाठांतर नाही, असं मलाच दाखवायचं होतं. शेवटच्या पानावर मी चित्र झाकलं. ती माझ्या हाताकडे बघत राहिली.

"वाच ना बाळा, कोण आलं?"

"कुणीच न्हाई आलं."

साहेब हसले, मुलं हसली. शाळा सुटण्याआधी मी पुस्तक पुन्हा तिच्यापुढे ठेवलं. तिनं पहिलं पान उघडलं आणि बकरीवर स्वतःचा तळहात ठेवला. "काढ हात," मी म्हणालो. तिनं मान हलवली. शेजारची म्हणाली, "तुम्हीच तर झाकलं व्हतं, सर." घंटा होईपर्यंत तिनं हात काढला नाही. उद्या काढेल असं वाटत नाही. अशा वेळी काय करायचं, हे तुम्ही होतात तोवर मी तुम्हाला कधी विचारून ठेवलं नाही.

त्या दिवशी मी हात काढला तो तुमच्या धाकानं. पटलं नव्हतं. इतकी वर्षं मुलांना चित्र बघू दिलं, तेही तुमचा मान राखून.

पुस्तक कपाटात ठेवलं. मागच्या खिडकीची कडी बसत नाही, फटीत कागदाची घडी घालावी लागते. तुम्हाला लिहिलेला हाच कागद घालतो.