दाजींच्या भुकटीचा घट्टपणा

तीर्थरूप दाजींना धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? ताईचं पित्त? इकडे आम्ही ठीक आहोत, म्हणजे प्रकृतीने ठीक. डोक्याचं सांगवत नाही. तुम्ही समुद्राच्या शेवाळापासून काढलेल्या भुकटीचा नमुना आमच्या प्रयोगशाळेत आला आणि नेमका माझ्याच टेबलावर आला. देवाची इच्छा असेल, पण त्याने माझं वय थोडं लक्षात घ्यायला हवं होतं. आपलं नातं मी पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंना (आमच्या विभागप्रमुख) सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, आकड्यांना नातं कळत नाही, तुम्हीच मोजा.

मोजणं म्हणजे असं. भुकटीतला ओलावा काढायचा, जाळून राख किती उरते ते बघायचं, आणि मग ती शुद्ध पाण्यात दोन तास ढवळून द्रावण किती घट्ट झालं ते यंत्राला विचारायचं. ओलावा, राख, आम्लता सगळं ताईच्या कपाटासारखं नीटनेटकं निघालं. घट्टपणाने मात्र माझा अंत पाहिला. यंत्राची दांडी द्रावणात फिरते, काटा सरकतो, आणि काट्याच्या आकड्याला ठरलेल्या आकड्याने गुणायचं. त्यात हे द्रावण असं की दांडी सावकाश फिरवली तर घट्ट वाटतं आणि जोरात फिरवली तर पातळ. (आपल्या थोरल्या काकांचं असंच; गोडीने विचारलं की अडून बसायचे, आवाज चढवला की लगेच कबूल.) म्हणून वेगही ठरवून दिलेला आहे. तुमच्या गिऱ्हाइकाला आकडा तीनशे ते चारशेच्या मधला हवा, हे ताईने फोनवर इतक्यांदा सांगितलंय की आता मी झोपेतही विसरणार नाही. ही ऑर्डर मिळाली तर कारखाना चालणार, नाहीतर भट्टी विझणार, हेही तिने सांगितलं, पण ते एकदाच आणि हळू आवाजात.

सोमवारी आकडा आला दोनशे नव्वद. मी म्हटलं, गुणाकार चुकला असणार. गावच्या शाळेत मास्तरांनी हिशेब फळ्यावर शिकवला, त्यामुळे कॅल्क्युलेटरवर माझा अजून विश्वास बसत नाही. माझ्या टेबलाच्या अगदी वर भिंतीला एक जुना फळा आहे. मंगळवारचं नवं द्रावण खाली ढवळत ठेवलं आणि वर खडूने सोमवारचा गुणाकार मांडला, तळहाताने पुसला, पुन्हा मांडला. मंगळवारी आकडा आला साडेतीनशे. देवाचे आभार मानून वहीत शाईने लिहिला. खात्रीसाठी बुधवारी पुन्हा मोजलं, तर पाचशे वीस! तुमच्या भुकटीत दिवसेंदिवस जोम येतोय, असं मी बाईंना अभिमानाने सांगितलं. त्या म्हणाल्या, उद्या पुन्हा मोजा. गुरुवारी नवं द्रावण खाली ढवळत असताना मी घाबरून तो हिशेब नऊ वेळा मांडला आणि नऊ वेळा पुसला. दोन तासांनी बघतो तर द्रावणच उरलं नाही. भांड्यात एक थुलथुलीत गोळा बसला होता आणि ढवळणी त्यात रुतून थांबली होती. बाई म्हणाल्या, माल एकसारखा नाही, परत पाठवू.

मी डोळे मिटून देवाला विचारलं, चूक कोणाची? उत्तर साफसफाईच्या मावशींनी दिलं.

“तुम्ही फळा पुसता तेव्हा खाली भांडं उघडं असतं,” त्या म्हणाल्या. “टेबलावरचा खडू मी रोज पुसते. भांड्यातला कोण पुसणार?”

बाईंनी चांगल्या द्रावणात चिमूटभर खडू टाकून दाखवला. थोड्या वेळाने त्याचाही गोळा झाला. खडूत चुन्याचा अंश असतो आणि तुमच्या भुकटीचं त्याच्याशी फारच जमतं, म्हणे. म्हणजे मी गोंधळलो की हिशेब जास्त, हिशेब जास्त की खडू जास्त, खडू जास्त की द्रावण घट्ट, आणि द्रावण घट्ट की मी आणखी गोंधळलेला. बाई हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “हिशेब बरोबर होता हो तुमचा. पहिल्या दिवसापासून.” मला ते कौतुक वाटलं. शुक्रवारी भांड्यावर झाकण ठेवून पुन्हा मोजलं. तेव्हा तुमच्या मालात खोट आहे अशी शंका आता कोणाच्याही मनात नाही. ताईला नमस्कार.

तुमचा,
मेहुणा

ता. क. शुक्रवारचा आकडा दोनशे नव्वद. ते कौतुक नव्हतं हे मला तेव्हा कळलं. मंगळवारचा साडेतीनशे वहीत होता, शाईत होता, आणि तिथेच थांबलो असतो तर कोणी विचारलंही नसतं. मी तो खोडून खाली सही केली. दाजी, खोडण्याआधी पेन दोनदा खाली ठेवलं, हे लपवत नाही.

दुसरं ता. क. बाई म्हणतात, भुकटी वाळवताना आच जास्त झाली की तिची ताकद तुटते. कमी आचेवर, वेळ लागला तरी चालेल, पण नवा घाणा वाळवा आणि वीस तारखेच्या आत नमुना पाठवा. गिऱ्हाईक तोवर थांबायला तयार आहे. बाईंनी स्वतः फोन केला. या वेळी मोजणारा दुसरा असेल, ते मीच मागून घेतलं.

तिसरं ता. क. रिपोर्ट याच पाकिटात मागे आहे. आधी पत्र वाचावं म्हणून वर ठेवलं.