दुसरा कान

प्रिय भावजी,

पत्र बघून आधी पोटभर हसून घ्या. चार गल्ल्या सोडून राहणारी वहिनी पत्र का पाठवते, असं धाकटीला, माझ्या जाऊबाईला, विचारालच. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मला दुसऱ्याच वाक्याला हसवता आणि माझं सांगायचं राहून जातं. समोर आले असते तर तुम्ही चहा टाकायला उठला असतात. गुरुवारी आपल्या बचाव पथकाची दुसरी तुकडी त्या भूकंपाच्या शहरात निघतेय, आणि तुम्हाला जाऊ द्यायचं की नाही याचा कागद तुमची जोडीदार म्हणून माझ्याकडे आलाय. त्याबद्दलच लिहायचंय, पण मला सरळ मुद्द्यावर यायला कधी जमलंय?

इकडे ठीक आहे. शिवणवर्गात सात मुली आहेत. त्यातल्या दोघींना अजून सुईत दोरा ओवता येत नाही, तोंडं मात्र मशीनपेक्षा जोरात चालतात. तुम्ही टेबलावर लावून दिलेला दिवा उत्तम चालतोय. तुमचे दादा परवा शर्ट घालताना थबकले. कॉलरच्या आत मी बारीक टाक्यांनी त्यांचं नाव शिवलंय, सगळ्याच शर्टांना. आधी म्हणाले, या वयात मी कुठं हरवणार गं? मग त्यांना आठवलं असावं, की पहिल्या तुकडीबरोबर तिथे अकरा दिवस मी लोकांकडून कपड्यांचं वर्णन ऐकत होते आणि शिलाईवरून गेलेली माणसं ओळखत होते. शर्टाची बटणं लावून ते कामावर गेले. मी त्यांच्या दोन बनियनांनाही नाव घातलं.

म्हणजे बघा, माझंही काही सरळ नाही. निघण्याआधी आपल्या शिट्टीबाईंनी मन खंबीर कसं ठेवायचं यावर दोन तास शिकवलं होतं. शाळेत खेळ शिकवायच्या, तशाच शिट्टी वाजवून. रोज संध्याकाळी जोडीदाराने जोडीदाराचं पान भरायचं: झोप, भूक, चिडचिड आणि शेवटी, उद्या कामाला ठीक का. आपलं पान आपण भरायचं नाही, कारण माणूस स्वतःबद्दल खोटं बोलतो, असं बाईंचं म्हणणं. दीर-वहिनीची जोडी लावताना मात्र त्या चुकल्या. पहिल्याच संध्याकाळी तुम्ही म्हणालात, वहिनी, अळीमिळी गुपचिळी, तुम्ही माझं ठीक लिहा, मी तुमचं लिहितो, नाहीतर दोघांनाही घरी पाठवतील. तुम्ही तीन दिवस नीट जेवला नव्हतात तेव्हाही मी ठीक लिहिलं. मी पाण्याच्या टाकीमागे बसून रडत होते, तेव्हा तुम्ही माझं ठीक लिहिलंत. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कोणाला?

रविवारी धाकटी वर्गात आली. मुली गेल्यावर शिलाईच्या स्टुलावर बसली आणि चिंध्या गोळा करायला लागली. मग बोलली. तुम्ही जेवता जेवता हात वर करता, पंखा बंद करता, फ्रिजचं बटण बंद करता आणि भिंतीवर तीनदा ठोकून कान लावता. पोरं आता आपणहूनच घास तोंडात तसाच धरून गप्प बसतात. तुमची लेक सहा वर्षांची, तिला तो खेळ वाटायचा, आता वाटत नाही. मला वाटलं, जाऊबाई म्हणेल की त्यांना पाठवू नका. ती उलटंच म्हणाली. जाऊ द्या त्यांना, तिथे तरी बरे असतात. आणि जाता जाता दारात सांगून गेली, की शिट्टीबाईंनी तुम्हाला कितीदा समजावलं, तुम्ही खणत होतात त्या इमारतीचे स्लॅब पुढे मशीनने उचलले, खाली कोणीच नव्हतं. पण तुम्ही मानत नाही. म्हणता, मग वहिनीला कसं ऐकू आलं?

ते वाक्य ऐकल्यापासून माझा हात चालत नाहीये. कालच एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही उलटी जोडली.

नवव्या दिवशी तुम्ही स्लॅबला कान लावून बसला होतात. शिट्टी झाली, सगळे थांबले. तुम्ही हात वर केलात, खालून टकटक आली म्हणालात. आपला नियम, एका कानावर खोदायचं नाही, दुसऱ्या कानाने हो म्हटलं पाहिजे. तो दुसरा कान मी. मी धुळीत आडवी झाले, कान लावला आणि हो म्हणाले. मग बारा माणसं सात तास खणत होती. इमारत कलायला लागली तेव्हा सगळ्यांना खाली उतरवलं, तुम्हाला दोघांनी धरून उतरवलं.

भावजी, मला काहीही ऐकू आलं नव्हतं. नऊ दिवसांत आपल्या हाताला एकही जिवंत माणूस लागला नव्हता, आणि तुम्ही माझ्याकडे असे बघत होतात की मला नाही म्हणवेना. वाटलं, दिराची बाजू घेतेय. तुमच्या कानांना झोपेअभावी भास झाला असेल, त्यात तुमचा काही दोष नाही. माझं खोटं होतं. त्या सात तासांत दुसरीकडे कोणी वाचलं असतं का, हे मला आयुष्यभर कोणी सांगणार नाही, आणि ते ओझं तुम्ही उचलायचं नाही, ते माझं आहे. आज सकाळी बाईंना हे सगळं सांगितलं. तुमच्या पानावर ठीक नाही लिहिलं, आणि त्यांच्यासमोर माझं पान मीच भरलं, तेही तसंच. गुरुवारी आपण दोघंही जात नाही. चिडा, माझं तोंड बघू नका, धाकटीला सांगा की वहिनीने घात केला. पण तुम्ही तिथे कोणाला टाकून आला नाहीत. माझ्या त्या एका हो वर आता आणखी एक दिवसही काढू नका.

खोटं बोलले तरी तुमचीच,
वहिनी