अंगठ्यांवरचा चुना

अहमदनगर,
मंगळवार, १६ जानेवारी १९७३

ती. सौ. कडूआक्कास धाकट्या गोरखचा शिरसाष्टांग नमस्कार.

संक्रांत परवाच झाली. तीळगूळ पाठवत नाही. माझ्या गोड बोलण्याची हमी कोण घेणार? खर्ड्याचा किल्ला ढासळला, पण आमच्या दाजींच्या मिशा ढासळल्या नाहीत, असं मी साप्ताहिकात लिहिलं, त्याला सात वर्षं झाली. सगळा तालुका हसला आणि तुझी पत्रं थांबली.

मी बरा आहे. म्हणजे मूत्रपिंडं सोडून बाकीचा मी. पाय सुजले म्हणून पुण्याच्या दवाखान्यात तीन आठवडे पडून होतो. मुतखडा, क्षय, सगळं धुंडाळून डॉक्टर दमले. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लहानपणी लघवीचा रंग कधी बदलला होता का? मी नाही म्हणालो. मग आंघोळीला बसलो आणि नजर पायांच्या सुजलेल्या अंगठ्यांवर गेली.

आक्का, पुणतांब्याच्या घाटावर मी डुंबायचो, घसा धरायचा आणि दुसऱ्याच दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी. "उन्हाळी लागलीया, गप बस," म्हणत तू बाबांच्या पानाच्या डबीतला चुना माझ्या दोन्ही अंगठ्यांना फासायचीस. भर पौषाच्या थंडीत उष्णतेची उन्हाळी! आईला कळलं तर नदी बंद, म्हणून मी तुला गोदामाईची शपथ घातलेली. चार दिवसांत आपोआप ओसरायचं, श्रेय चुन्याला.

हे ऐकून बाई खुर्ची ओढून बसल्या. दुसऱ्याच दिवशी? पंधरा दिवसांनी नाही? घसा धरल्यावर पंधरवड्याने येतं ते दुखणं निराळं, लगेच येतं ते निराळं म्हणे. तेवढ्यावरून त्यांनी पाठीतून सुईने मूत्रपिंडाचा कण काढून मुंबईला धाडला. रोगाशी लढायला शरीर जी फौज पाळतं, तीच म्हणे माझ्या मूत्रपिंडात तळ ठोकून बसलीय. फ्रेंच डॉक्टरांनी चार-पाच वर्षांपूर्वी ओळखलेला आजार. भाकरी अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीची, दुखणंही परदेशी.

यंदाच्या दुष्काळात गोदावरीत घोटाभरही पाणी नाही म्हणतात. मला मात्र काठावर माझे कपडे धरून उभी असलेली तूच दिसत राहतेस.

औषध नाही, आक्का. दोन वर्षं, फार तर तीन. दुसऱ्याकडून कळलं तर तू म्हणशील, तेव्हाच आईला सांगायला हवं होतं. मी बाईंना तेच विचारलं. त्या म्हणाल्या, "तेव्हा या रोगाला नावसुद्धा नव्हतं. कुणालाच काही करता आलं नसतं."

शपथ मी मोडली. तू सुटलीस.

जमलं तर ये. दाजींच्या मिशांना माझा नमस्कार सांग. या खेपेला हसवायला लिहिलेलं नाही.

तू बंद होऊ न दिलेल्या नदीतला,
तुझा गोरख