सात सेकंदांचा खंदक

प्रिय दादा,

फोनवर मी काही सांगायला घेतलं, की तू विषय आईच्या गुडघ्यांवर नेतोस आणि मीही सुटका झाल्यासारखी तिकडेच वळते. म्हणून लिहायला बसले. कागदावरून मधेच पळता येत नाही.

तू खेळतोस त्या कॉम्प्युटरवरच्या लढाईच्या खेळातल्या चुका मी ऑफिसात शोधते, असं तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. मी आकडे ठरवते. घोडेस्वार किती वेगाने धावेल, बाण किती लांब जाईल, भालेकरी किती घाव सोसेल, हे सगळं मी ठरवते. चिडलेले खेळाडू शिव्या घालतात म्हणून आमची नावं बाहेर कुणाला सांगायची नाहीत, असा दंडक आहे. मला तो फारच सोयीचा पडला. आमच्या खोलीला खिडकी नाही आणि कार्ड टेकवल्याशिवाय दार आतून उघडत नाही. पहिल्या दिवशी गंमत वाटली होती. आता दिवसभर कार्ड हातातच धरून बसते.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही रे. घोडेस्वार तिरंदाजांना तुडवतो, तिरंदाज भालेकऱ्यांना लांबूनच टिपतो, भालेकरी घोडेस्वाराला अडवतो. कुणाचं काय कमी आणि कुणाचं काय जास्त, हे तोलताना एक आकडा हलवला की तीन ठिकाणी ओरड होते. त्यात खंदकवाले म्हणजे अगदीच बापुडवाणे. हळू चालायचे, सात सेकंद खणत बसायचे. त्यांना कुणी हात लावत नव्हतं. मग तू आलास.

छापखान्यातल्या कटिंग मशीनने तुझ्या उजव्या हाताची तीन बोटं नेली, तेव्हापासून तू तो हात खिशातून काढत नाहीस. लग्नाला जात नाहीस, पाहुणे आले की आतल्या खोलीत बसतोस. खेळात मात्र तुझा हात कुणाला दिसत नव्हता. बाकीच्यांसारखी भराभर बटणं दाबणं तुला जमणार नव्हतं, म्हणून तू आधीच ओळखायला शिकलास. घोडेस्वार कुठून येणार, हे ते निघायच्या आधी तुला कळायचं आणि तिथे खंदक तयार असायचा. तुझं खेळातलं ‘सुस्तराव’ हे नाव आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी आदराने घेतलं जायचं. मी कपात बघत बसायची. सुस्तराव माझा सख्खा भाऊ आहे, हे मी कुणालाच सांगितलं नाही. कर्मचाऱ्यांच्या जवळच्या नातेवाइकांना खेळाच्या स्पर्धेत उतरायला बंदी, हा नियम मला पाठ होता, आणि तू उतरला होतास.

मग तुझं बघून सगळेच खंदक खणायला लागले. शंभरातले अठ्ठावन्न डाव खंदकवालेच जिंकायला लागले. काहीतरी करणं भाग होतं, ते खरंच आहे. खणायचा वेळ नऊ सेकंद केला असता तर भागलं असतं. माझ्या वहीत नऊच लिहिलं होतं. पण उद्या नातं उघडं पडलं तर लोक म्हणतील, बहिणीने भावाला झुकतं माप दिलं. या भीतीने मी बारा केले. बारा सेकंदांत घोडेस्वार येऊन खणणाऱ्यांना कापूनही जातो. तुला झुकतं माप मिळू नये म्हणून मी तुझ्यावर अन्याय केला, दादा.

त्या आठवड्यात तू सलग अकरा डाव हरलास. फोनवर म्हणालास, “कोण गाढव बसलंय गं तिथे?” मी म्हणाले, “असेल कुणीतरी.” नंतर आईने सांगितलं, तू कॉम्प्युटरवर चादर टाकली आहेस आणि जेवायलाही बाहेर येत नाहीस. दोन महिने मी तो आकडा रोज उघडून बघत होते. बदलला तर का बदलला ते सांगावं लागेल, नाही बदलला तर तू त्या खोलीत. काही केल्या वाट दिसेना.

परवा तुझं तक्रारीचं पत्र उत्तरासाठी माझ्याच टेबलावर आलं. चार पानं, चादर काढून डाव्या हाताने टाइप केलेली. मला वाटलं शिव्या असतील. तू लिहिलं होतंस, ‘खंदकवाल्यांना लुळं करू नका, समोरच्याच्या हातात तोडगा द्या. खणायला सातच सेकंद ठेवा, पण भालेकऱ्यांना खंदक बुजवता येऊ द्या.’ मी ते करून पाहिलं. शंभरातले एक्कावन्न डाव खंदकवाल्यांचे, म्हणजे जवळजवळ बरोबरी. इतके दिवस मला जे सुचलं नाही, ते तुला सुचलं. अशा पत्रांना आमचं तीन ओळींचं ठरलेलं उत्तर असतं. मी ते लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीवर पुसून टाकलं.

काल दुपारी मी आमच्या मॅडमसमोर जाऊन सगळं सांगितलं. बारा सेकंदांचंही. त्यांनी तुझं पत्र मागून घेऊन वाचलं. मग म्हणाल्या, “बदल त्याच्या नावाने जाईल. पण स्पर्धेतून त्याचं नाव काढावं लागेल.” मला आकड्यांवरून हटवलं आहे, पुढचं सोमवारी कळेल. तुझी सुचवण घेतल्याचं आणि स्पर्धेतून बाद केल्याचं, दोन्ही एकाच छापील पत्रात तुला येणार आहे. नियमावर बोट ठेवलेलं असेल, कारण नसेल. ते हातात पडायच्या आत तुला कळावं की ते गाढव मी होते. शनिवारी मी येते आहे. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. मी बाहेर थांबेन.

तुझीच,
मुंगळी