फ्लॉपीतल्या ओव्या

१२ जानेवारी २००४

पास! बावन्नाव्या वर्षी संगणकाची परीक्षा पास! हेडमास्तर म्हणत होते, मराठीच्या बाईंना आपला फळाच बरा. आता बोला म्हणावं!

१९ जानेवारी

शाळेच्या स्मरणिकेसाठी भागीबाईंच्या ओव्या घ्यायच्या ठरवल्या. आमच्या शाळेच्या सेविका, पेठ तालुक्याकडच्या. नागली दळतानाच्या ओव्या – त्यांच्या आईकडून आलेल्या, कुठेही लिहिलेल्या नाहीत. त्या गातात, मी थेट टाइप करते. कागद कशाला? गेले कागदाचे दिवस!

आज पडद्याकडे बघत म्हणाल्या, "बाई, पेटीत गेलं म्हंजे आता मरायचं नाय ना?"

"नाही हो," म्हटलं मी. काय तो माझा तोरा!

४ फेब्रुवारी

शेवटची ओवी झाली. सगळं एका फ्लॉपीत. शाळेच्या मशीनवर संगणकाचे यादव सर काही ठेवूच देत नाहीत.

९ फेब्रुवारी

भागीबाईंना लकवा. वाचाच गेली. विश्वासच बसेना – परवापर्यंत व्हरांडा झाडताना गुणगुणत होत्या! दवाखान्यात हात धरला तर नुसत्या बघत राहिल्या. त्यांची मुलगी फुलाबाई म्हणाली, पुस्तक छापून आलं की आईला वाचून दाखवा. ऐकू येतंय तिला.

१३ फेब्रुवारी

अरे देवा! स्मरणिकेला वेळ आहे, तोवर भागीबाईंना वाचून दाखवू म्हणून कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत प्रिंट काढायला गेले; शाळेत प्रिंटर नाही. फ्लॉपी उघडली – एकही ओवी नाही! इंग्रजी अक्षरं, कंस, आकडे, पानंच्या पानं नुसता कचरा. कॅफेवाला ओरडला, मॅडम, व्हायरस आहे, माझी मशीनं जातील!

संगणकाच्या वर्गात शिकवलं होतं तेच केलं. फ्लॉपी तिथल्या तिथे फॉरमॅट केली. कुणाला विचारावंही लागलं नाही. निदान शाळेची मशीनं तरी वाचली.

१४ फेब्रुवारी

आठवून लिहायला बसले. तीन ओव्यासुद्धा धड येईनात! समोर बसून गात होत्या की त्या. मी ऐकत कुठे होते? मी कीबोर्डवर अक्षरं शोधत होते. लाज वाटली स्वतःची.

१६ फेब्रुवारी

ओव्यांची पानं रद्द करा, हे सांगायला प्रेसमध्ये गेले. तिथे टाइप करणारी पल्लवी हसायलाच लागली. "व्हायरस कसला, बाई? त्या कॅफेत आपला मराठी फॉन्ट नसेल. ओव्या आहेत तशाच आहेत. आणा ती फ्लॉपी."

पर्समध्येच होती. कोरी.